टिनाची खोली

"खालून धर, कुंदा. कडेले धरू नको, पत्रा हात कापते."

मामाजी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे होते आणि कूलर माळ्यावरून अर्धा बाहेर आला होता. मी खाली दोन्ही हात वर करून उभी. धुळवडीचा दुसरा दिवस होता. आर्वीला आमच्या घरी कूलर याच दिवशी निघायचा, मग उन्हाळा लवकर असो की उशिरा. आधी हे काम चौघांचं असे. शिडीवर माझा नवरा प्रफुल्ल, खाली मामाजी, मी झाडू घेऊन, आणि आत्याबाई ओट्यावर बसून तिघांनाही सूचना देणार. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई. प्रफुल्ल काविळीनं गेला त्याला अडीच वर्षं झाली होती. मूलबाळ झालंच नाही. आत्याबाई मागच्या दिवाळीच्या आधी गेल्या. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मामाजी सहासष्ट वर्षांचे आणि मी सत्तावीस.

कूलर खाली आला. आत पालीची अंडी निघाली, मागच्या साली राहिलेला गवताचा भुसा निघाला. मामाजींनी ते सगळं अंगणात नेऊन झाडलं. ते जिनिंग फॅक्टरीत फिटर होते, त्यामुळे हत्यारं घरचीच. खालच्या टाकीला गंज चढला होता, तो त्यांनी खरवडला आणि डांबराचा हात दिला. मी तिन्ही बाजूंच्या जाळ्या घासल्या. दुपारपर्यंत नवीन वाळा भरून झाला. त्याचा वास घरभर सुटला आणि मला क्षणभर वाटलं, आता आत्याबाई आतून विचारतील, वाळा कोरडा आहे की भिजवला?

मी मधल्या खोलीच्या खिडकीशी विटा लावायला घेतल्या. कूलर तिथंच बसायचा. उन्हाळ्यात बाराच्या पुढं आमचं सगळं घर त्या एका खोलीत यायचं. दारं लावायची, खिडक्यांना गोधड्या लावायच्या आणि पाच वाजेपर्यंत बाहेर डोकवायचं नाही. कूलरच्या अगदी समोर आत्याबाई, कारण त्यांना दम होता. मग मी, मग प्रफुल्ल, आणि दाराशी मामाजी.

"तिथं नको लावू विटा," मामाजी म्हणाले. "तुह्या खोलीत बसवतो."

"माह्या खोलीत?"

"मागच्या खिडकीचे दोन गज कापतो. बसते बरोबर. मी माप घेतलं."

"अन् तुम्ही कुठं झोपणार दुपारी?"

त्यांनी डांबराचा ब्रश रॉकेलात बुडवला, कागदाला पुसला.

"टिनाच्या खोलीत."

टिनाची खोली अंगणाच्या कोपऱ्यात होती. वर टिनाचं छप्पर, भिंती अर्ध्या विटांच्या. तिला दोन दारं, एक अंगणात आणि एक गल्लीत. आम्ही तिच्यात सरपण आणि मामाजींची जुनी हत्यारं ठेवायचो. उन्हाळ्यात त्या खोलीत ठेवलेली मेणबत्ती उभ्या उभ्या वाकायची.

"तिथं माणूस झोपते का, मामाजी?"

"छत्तीस वर्षं जिनात काढले मी. मले सवय आहे गरमीची."

"मधल्या खोलीत लावू न आपण. दरवर्षीसारखा. तुम्ही दाराशी झोपा, मी तिकडं भिंतीशी."

"नाही," ते म्हणाले.

एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही, पण पुढं बोलायची सोय ठेवली नव्हती त्यांनी. मला वाटलं, आत्याबाईंशिवाय त्यांना त्या खोलीत झोपवत नसेल. मलाही प्रफुल्ल गेल्यावर कित्येक दिवस आमच्या पलंगाच्या त्याच्या बाजूला हात टाकवत नव्हता. मी विटा उचलून परत अंगणात ठेवल्या.

पुढचे आठ दिवस आम्ही त्या टिनाच्या खोलीला लागलो. मी सकाळी बालवाडीत जायची, बाराला यायची. आले की मामाजी कामातच दिसायचे. सरपण त्यांनी अंगणात रचलं. खालची जमीन मी शेणानं सारवली. टिनावर टाकायला ते कुठून तरी बैलगाडीभर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, घेऊन आले, त्यांचा जाड थर दिला, वर तणस पसरली. मी खालून पेंढ्या द्यायची, ते वर रचायचे. गल्लीकडचं दार पश्चिमेला, झळ तिकडूनच यायची. त्या दाराला त्यांनी उरलेल्या वाळ्याची ताटी बांधली आणि वर सुतळीनं डब्बा अडकवला. डब्ब्याला खिळ्यानं भोकं पाडली होती, त्यातून थेंब थेंब पाणी ताटीवर झिरपायचं.

"पाह्य कसं गार वारं येते," त्यांनी मला आत उभं करून दाखवलं. खरंच गार वारं येत होतं. मार्चमध्ये.

त्याच दिवशी भिंतीपलीकडून पंचफुलाबाईनं डोकं काढलं. आमच्या शेजारीण. आत्याबाईंची जन्माची मैत्रीण.

"बरं केलं बापा खोली साफ केली ते," ती म्हणाली. "लय बरं केलं."

मामाजींनी तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं तर नाहीच पाहिलं. मी मात्र हसून म्हटलं, "पाहा न मावशी, ऐकतच नाहीत हे." पंचफुलाबाई हसली नाही.

एप्रिल लागला. मी बालवाडीतून आले की आम्ही जेवायचो. भाकर, आंब्याचं पन्हं, कांदा. जेवण झालं की मामाजी लोटाभर पाणी घेऊन उठायचे आणि "दार लावून घे" म्हणायचे. मी माझ्या खोलीचं दार लावायची. कूलर सुरू व्हायचा. तीनच्या सुमाराला मी उठून त्यांच्याकडं पाण्याचा तांब्या न्यायची, ताटीवरचा डब्बा भरायची. ते बाजेवर पडून असायचे, अंगावर ओला पंचा. कधी जागे, कधी झोपलेले. जागे असले तर म्हणायचे, "तू काहून उठली? झोप न."

मला त्या घरात दुःख नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. नवरा नव्हता, सासू नव्हती, तरी नव्हतं. सकाळी मामाजी अंगण झाडायचे, मी चहा करायची, दोघं ओट्यावर बसून प्यायचो. ते मला जिनातल्या गोष्टी सांगायचे, मी त्यांना बालवाडीतल्या पोरांच्या. प्रफुल्लचं नाव आम्ही रोज काढायचो, आणि रडू न येता काढायचो. माझे वडील मी लहान असताना गेले. मामाजींसारखं कोणी माझ्याजवळ बसून राहिलं नव्हतं, मी काय खाल्लं ते पाहायला.

एप्रिलच्या शेवटी माझा भाऊ दिवाकर कारंज्याहून आला. चहा झाला. मामाजी तोवर उठून टिनाच्या खोलीत गेले होते.

"एक स्थळ आहे," दिवाकर म्हणाला. "यवतमाळचं. निमजे नावाचे आहेत, तहसीलमध्ये कारकून. बायको वारली, चार वर्षांची पोरगी आहे. माणूस चांगला आहे. मी स्वतः पाहून आलो."

"मले नाही करायचं लग्न, दादा."

"काहून नाही करायचं?"

"मी सुखात आहे इथं."

त्यानं कप खाली ठेवला. "तुले काही समजते का, कुंदा? तुह्या घरात सासू नाही. नवरा नाही. तू सत्तावीस वर्षांची. अन् दुपारभर दारं लावून दोघं घरात. लोक काय म्हणून राहिले, माहीत आहे तुले? कारंज्यापर्यंत पोचलं ते."

आधी मला अर्थच लागला नाही. लागला तेव्हा कानशिलं तापली.

"ते टिनाच्या खोलीत झोपतात," मी म्हटलं.

"हाव. ते झोपतात. म्हणूनच तर झोपतात."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"मामाजीनंच मले पत्र टाकलं," तो हळू आवाजात म्हणाला. "फेब्रुवारीत. उन्हाळा लागायच्या आत पाहा म्हणे एखादं चांगलं स्थळ. उन्हाळा लागला की अवघड होईन म्हणे."

दिवाकर संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी टिनाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मामाजी बाजेवर बसून पंच्यानं मान पुसत होते.

"तुम्ही दादाले पत्र टाकलं?"

"टाकलं."

"मले न विचारता."

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं."

"मी जड झाली का तुम्हाले?"

"तसं नाही पोरी."

"मग कसं?"

 त्यांना ते तोंडानं सांगताच येणार नव्हतं, हे मला आज कळतं. सासऱ्यानं सुनेला काय सांगायचं, की लोक आपल्या दोघांबद्दल असं बोलतात म्हणून? ते मान खाली घालून बसले आणि मी संतापले. लोकांवरचा संताप, दिवाकरवरचा संताप, सगळा त्यांच्यावर निघाला.

"अन् ही टिनाची खोली," मी म्हटलं. "हिचा काय उपयोग? लोकायले दिसते का, कोण कुठं झोपते ते? माह्या खोलीचं दार लावलेलं. तुमच्या दाराले ताटी. बाहेरच्या माणसाले सगळी दारं बंदच दिसतात. तुम्ही फुकट तापून राहिले इथं."

मामाजींनी वर पाहिलं. मला आठवतं, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काही कामाची गोष्ट सांगितल्यासारखं ते ऐकत होते.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही. ते "दार लावून घे" म्हणायचे, मी उत्तर न देता दार लावायची. तीन वाजता पाणी घेऊन जाणंही मी बंद केलं. माठ टिनाच्या खोलीच्या दाराशीच होता, घेतील त्यांचं ते, असं मनाशी म्हटलं. मला वाटत होतं, त्यांनी एकदा म्हणावं, नको जाऊ कुंदा, राहा. आणि ते म्हणत नव्हते. असे दहाबारा दिवस गेले. मे लागला. सकाळी नवालाच अंगणात पाय ठेववेना.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला लाईट गेली. कूलर घरघरत थांबला. थोडा वेळ मी पडून राहिले, मग खोलीत कोंदायला लागलं तशी उठले. दार उघडून अंगणात आले. ऊन असं होतं की डोळे मिटावे लागले. टिनाच्या खोलीचं अंगणाकडचं दार लोटलेलं होतं. का कोण जाणे, मी ते ढकललं.

आत उजेड होता.

दुपारच्या वेळी त्या खोलीत उजेड असायला नको होता. गल्लीकडच्या दाराची ताटी वर गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवली होती. डब्बा कोरडा. दार सताड उघडं आणि त्यातून भट्टीसारखी झळ सरळ आत येत होती. मामाजींनी बाज सरकवून दाराच्या अगदी तोंडाशी नेली होती, इतकी की गल्लीतून जाणाऱ्याला ते डोक्यापासून पायापर्यंत दिसावेत.

ते तिथं उताणे पडले होते. डोळे अर्धे उघडे.

"मामाजी."

मी कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. अंग कोरडं ठणठणीत आणि तव्यासारखं. ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं. ते आत्याबाईंशी बोलत होते, "सुमन, पोरगी जेवली का पाह्य" असं काहीतरी.

मी पंचफुलाबाईला हाक मारली. ती आणि तिचा मुलगा धावत आले. तिघांनी त्यांना बाजेसकट उचलून मधल्या खोलीत आणलं. मी माठातलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. पंचफुलाबाईनं कांदा ठेचून तळपायाला चोळायला घेतला. तिचा मुलगा डॉक्टरांना आणायला गेला. मी चादरी ओल्या करत होते, टाकत होते, पुन्हा ओल्या करत होते.

"रोज दार उघडं असते का ते?" मी विचारलं.

पंचफुलाबाई तळवे चोळत राहिली.

"मावशी, रोज असते का?"

"दहाबारा दिवस झाले असतीन," ती म्हणाली. "मी म्हटलं त्यायले, भाऊ, ताटी पाडा, मरान. तर म्हणे, दिसू दे बाई लोकायले. मी कुठं आहे ते दिसू दे."

डॉक्टर आले, सलाईन लागलं. लाईट आली. पंचफुलाबाईच्या मुलानं माझ्या खोलीतला कूलर उचलून मधल्या खोलीच्या खिडकीशी आणला. अंधार पडायच्या सुमाराला मामाजींना घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही, पण पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी खोली ओळखली. मग माझ्याकडं पाहिलं.

"दार उघडं ठेव," ते म्हणाले. "समोरचं."

मी समोरचं दार उघडं ठेवलं. तीन दिवस ठेवलं. पंचफुलाबाई येऊन बसायची. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण पत्राचा विषय मी काढला नाही आणि ताटीचा त्यांनी काढला नाही. मी त्यांना चमच्यानं पेज भरवली. एकदा ते म्हणाले, "तुह्या आत्याबाईनं पाहिलं असतं तर हसली असती, म्हातारा लेकरू झाला म्हणून." मी हसले.

चौथ्या दिवशी मी बालवाडीत गेले. बाराला परत आले तर मधली खोली रिकामी. कूलर बंद. मी टिनाच्या खोलीत गेले. ताटी पुन्हा वर गुंडाळलेली. मामाजींना नुसतं बसवत नव्हतं, म्हणून ते बाजेवर भिंतीला टेकून बसले होते, गल्लीकडं तोंड करून.  कोणी सायकलवरून गेलं, त्याला त्यांनी मान हलवून रामराम केला.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.  मला एवढं समजलं होतं, की मी रडले तरी हा माणूस इथून उठणार नाही आणि भांडले तरी उठणार नाही. मे अजून अर्धा बाकी होता. त्यात नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, यायचाच होता.

"मामाजी," मी म्हटलं, "त्या यवतमाळच्या स्थळाचा मी विचार करून राहिली."

त्यांनी मान वळवली.

"तेव्हा मले राग आला होता. पण दादा म्हणाला ते बरोबर आहे. माहं वय काही गेलं नाही. त्या माणसाची पोरगी चार वर्षांची आहे. मले लेकरू पाहिजे होतं, तुम्हाले तर माहीत आहे."

ते बराच वेळ माझं तोंड पाहत होते. मी नजर हटवली नाही. बालवाडीत पोरांना गोष्ट सांगताना बाई जशी बसते तशी मी सरळ बसले होते.

"मनापासून म्हणून राहिली?"

"हाव."

"माह्यासाठी नाही न?"

"नाही," मी म्हटलं. "माह्यासाठी."

मामाजींनी डोळे मिटले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. वाटलंही असेल. पण मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग म्हणाले, "दिवाकरले पत्र टाक. आजच टाक." आणि थोड्या वेळानं, "चांगलं झालं, कुंदा. लय चांगलं झालं."

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीचं काम सोडलं आणि कारंज्याला भावाकडं गेले. लग्न लागेपर्यंत तिथंच राहिले. निघायच्या आधी कूलरची टाकी भरली, मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, आणि मामाजींचं अंथरूण कूलरच्या समोर घातलं, जिथं आत्याबाई झोपायच्या तिथं. पंचफुलाबाईला सांगितलं, दुपारी एकदा येऊन पाहत जा. मामाजींना म्हटलं, "आता तर कोणाले दाखवायचं नाही न काही? आता झोपा इथं."

"झोपतो," ते म्हणाले.

लग्न जूनमध्ये कारंज्याला झालं, घरातल्या घरात. मामाजी आले होते. धुतलेलं धोतर, काळी टोपी. दिवाकर त्यांना पुढं या म्हणत होता, पण ते मागं पाण्याच्या पिंपाशी उभे राहिले आणि आल्यागेल्याला पाणी देत राहिले. मी निघताना पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हिले दुपारी झोपायची सवय आहे. अर्धा तास झोपू देत जा." दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

"अन् एक कर," ते मला म्हणाले. "इकडं येत नको जाऊ. तिकडं जीव लाव. तू येत राहिली तर त्यायले वाटन, ही अजून तिकडचीच आहे."

मी गेले नाही. ते महिन्याला एक कार्ड टाकायचे. तब्येत ठीक आहे, ऊन जास्त आहे, कूलर सुरू आहे. ते खोटं लिहीत नव्हते. पंचफुलाबाई एकदा यवतमाळला तिच्या लेकीकडं आली होती, तिनं सांगितलं, भाऊ मधल्या खोलीतच झोपतात, दार लावून, पाच वाजेपर्यंत. टिनाच्या खोलीत पुन्हा सरपण ठेवलं. मी तिला दोनदा विचारलं, नक्की न? ती म्हणाली, "नक्की. मी रोज पाह्यते न बाई." तीन उन्हाळे ते तसे झोपले.

माझा संसारही वाईट झाला नाही. नवरा शांत माणूस निघाला. त्याची मुलगी नंदा पहिल्या वर्षी मला काकू म्हणायची, दुसऱ्या वर्षी आई म्हणायला लागली. माझ्या नवीन सासूबाई तोंडाच्या फटकळ, पण पोटात काही ठेवायच्या नाहीत. पहिल्या संक्रांतीला दोनचार बायकांनी कुजबूज केली, की हिच्या हातचं हळदीकुंकू कसं घ्यायचं, ही तर आधीची विधवा. सासूबाईंनी त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माह्या घरची सवाशीण आहे ते. ज्याले घ्यायचं त्यानं घ्या, नाही त्यानं उठा." कोणी उठलं नाही.

चौथ्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. चार वाजता बायका यायच्या होत्या. मी काळं लुगडं नेसले होते, नंदाला हलव्याचे दागिने घातले होते, वाणाच्या वाट्या मांडत होते. दुपारच्या टपालानं दिवाकरचं पत्र आलं. मी उभ्या उभ्याच फोडलं. मधे चारपाच ओळी होत्या. मामाजी गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला गेले. झोपेतच गेले. त्यांच्या पुतण्यानं सगळं केलं. तेरवी झाली. तुला आधी कळवलं नाही, कारण तुझा आता तसा संबंध राहिला नाही, आणि तिकडच्या लोकांना उगाच अवघड वाटलं असतं.

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं. "काय झालं?"

मी सांगितलं, आर्वीचे मामाजी वारले. महिना होऊन गेला.

 त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगले होते म्हणे," त्या म्हणाल्या. "पण तुले सुतक नाही लागत बाई त्यायचं. तू आता इकडची. वाटी ठेव ते, हात पूस. बायका येऊन राहिल्या."

त्या बरोबर बोलत होत्या. रीतीप्रमाणे बरोबरच होतं. बायका यायला लागल्या होत्या, ओट्यावर चपला वाजत होत्या. मी मोरीत गेले, दार लावलं आणि लुगडं नेसलेलीच खाली बसले. पिंपात सकाळचं गार पाणी होतं. मी तांब्या भरून डोक्यावर ओतला. मग दुसरा. जानेवारीचं पाणी, दात वाजायला लागले. मी ओतत राहिले, पिंप रिकामं होईपर्यंत.

बाहेरून सासूबाईंनी दार ठोठावलं.

"कुंदा? आत्ता काहून डोक्यावरून पाणी घेऊन राहिली?"

"काही नाही," मी आतून म्हटलं. "उकडून राहिलं होतं."

त्या दाराशी थांबल्या. मग त्यांची पावलं आत गेली. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून एक कोरडं लुगडं आत आलं.